संगणकाचा नकाशा आणि गावाची साक्ष

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळे गावाच्या परिसरात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. परंतु कोकणच्या सड्यावर तो टिकत नाही. जांभ्या कातळाच्या भेगांतून व उतारावरून पाणी वहाळांना मिळते, वहाळ खाडीला मिळतात, आणि वैशाखात सड्यावरील विहिरींचा तळ दिसू लागतो. अशा मुलखात बंधारा कोठे घालावा, कलमे कोठे लावावीत व कोणता उतार झाडीखाली राखावा, हे प्रश्न नुसत्या अंदाजाने सोडविणे परवडणारे नाही.

या कामी संगणकावरील नकाशाचे मोठे साहाय्य होते. पाऊस, जमिनीचा उतार, मातीची खोली आणि पिके यांची माहिती गणितात घालून कोणत्या जागी किती पाणी मुरेल व किती वाहून जाईल, याचा हिशेब काढता येतो. लांबलचक कोष्टके वाचणे कोणालाही जड जाते. तेच आकडे नकाशावर रंगांनी दाखविले की चटकन उमगतात. ‘इस्रो’चे ‘भुवन’ हे नकाशांचे दालन 2009 साली सर्वांस खुले झाले. ‘क्यूजीआयएस’ ही नकाशे करण्याची आज्ञावली विनामूल्य मिळते. प्रामुख्याने मराठवाडा व विदर्भातील गावांसाठी 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मुंबईच्या आय. आय. टी.ने पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धती याच आज्ञावलीच्या आधारे बसविली.

तथापि, रंग ठसठशीत म्हणून माहिती पक्की, असे समजणे चुकीचे होय. असा नकाशा लहान लहान चौकोनांचा बनलेला असतो. युरोपच्या ‘सेंटिनेल-2’ उपग्रहाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोन 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद, म्हणजे सुमारे एक गुंठ्याचा असतो. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’चा नेहमीचा चौकोन 30 मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. कोकणातील कित्येक भातखाचरे याहून लहान आहेत. खाचर, बांध, कातळ आणि कलम एकाच चौकोनात आले, तर संगणक त्या सर्वांस एकच रंग देतो. शिवाय, देशावरच्या खोल काळ्या जमिनीसाठी धरलेले पाणी मुरण्याचे प्रमाण जांभ्या जमिनीस लावले, तर बेरीज बिनचूक असूनही उत्तर चुकते.

पश्चिम घाटाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. 2010 साली नेमलेल्या माधव गाडगीळ समितीने सुमारे 9 किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून पर्यावरणदृष्ट्या नाजूक भाग दाखविले. एका चौकोनात आठ हजारांवर हेक्टर जमीन येते. हे रेखाटन अंतिम न मानता ग्रामसभांपर्यंत चर्चा व्हावी, असे समितीनेच सुचविले होते. परंतु 2011 च्या ऑगस्टमध्ये सादर झालेला अहवाल 2012 च्या मे महिन्यात जनतेसमोर आला. मधल्या काळात चर्चेची जागा संशयाने घेतली. नकाशा कसा केला हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांना त्यावरचा रंग हुकमासारखा भासतो.

म्हणून असा नकाशा गावाच्या साक्षीवाचून निर्णयासाठी वापरू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्याने तो घेऊन शिवारफेरी करावी. विहिरींच्या पाण्याची पातळी पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात अशी दोन वेळा मोजावी. कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, हे जुन्याजाणत्या शेतकऱ्यांस, तसेच पाणी भरणाऱ्या स्त्रियांस विचारावे. जेथे नकाशा व जमीन यांचा मेळ बसत नाही, तेथे खूण करून ती चूक नकाशा करणाऱ्यांस कळवावी. नकाशावर माहितीचे वर्ष, चौकोनाचा आकार आणि ‘हा अंदाज आहे’ हे तीन शब्द मराठीत छापलेले असावेत.

यात वेळ जातो, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु चुकीच्या जागी घातलेला बंधारा वर्षानुवर्षे कोरडा राहतो, आणि त्याचा खर्च कोणताही संगणक परत देत नाही. शिवारफेरीत जाणारे चार दिवस त्या मानाने स्वस्तच म्हटले पाहिजेत. नकाशाने कोठे पाहावे ते सांगावे. तेथे काय आहे, हे मात्र शेतकऱ्याच्या बांधावर उभे राहूनच ठरवावे.