अभिरुचीचे पहारेकरी

नवी दिल्लीच्या कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे आणि ब्रिटिश कौन्सिलही आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीत 98वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या दिवसांत या मार्गावरील एका चहाच्या बैठकीत कॉमिक्स, विज्ञानकथा आणि जपानी ॲनिमे यांच्या नादी लागलेल्या तरुणांचा विषय निघाला. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी निकाल दिला, ‘‘हा निव्वळ बालिशपणा. साहित्याशी त्याचा संबंध काय?’’ सर्वांच्या माना डोलल्या. माझीही डोलली. ती डोलायला नको होती.

हा निकाल न वाचता दिलेला आहे, हा माझा पहिला आक्षेप. चित्र आले की शब्द दुबळा होतो, असे आम्ही गृहीत धरतो. याच दिल्लीतील ‘नवयान’ने 2011 साली ‘भीमायन’ हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चित्रचरित्र इंग्रजीत प्रसिद्ध केले. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी त्यात कॉमिक्सच्या रूढ चौकटी नाकारल्या. पात्रांना कोंडून ठेवणे त्यांना मान्य नव्हते. विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या आकारात येते, सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकारात. महाडच्या पाण्याची कथा सांगताना येथे आकारच आशय होतो. ज्या समीक्षेने दलित साहित्याच्या भाषेवर इतके लिहिले, तिने या भाषेची दखल तितक्याच गांभीर्याने घ्यायला नको काय?

विज्ञानकथेची हकिकत वेगळी नाही. 1974 साली जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाच्या वजनाने परीक्षकांचे मत झुकू नये, हा हेतू. परीक्षकांनी कथा वाचली आणि तिला पारितोषिक दिले. आम्ही समीक्षकांनी मात्र पुढे बहुधा नावच वाचले. 2014 साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. 2021 साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. एक शास्त्रज्ञ साहित्यिक झाला याचे कौतुक उदंड झाले. त्यांची कथा कशी रचली जाते आणि कोठे फसते, याची चिकित्सा त्या मानाने थोडीच झाली.

दुसरा आरोप परकेपणाचा. त्यावर काही अभिमानी मंडळी पिंगुळीच्या चित्रकथीचा दाखला देतात : चित्रे मांडून कथा गाण्याची परंपरा आमचीच आहे! हा बचाव मला आरोपाइतकाच आळशी वाटतो. कुळी दाखवून कोणतीही कलाकृती श्रेष्ठ ठरत नाही आणि मूळ जपानी आहे म्हणून हीनही ठरत नाही. ओसामु तेझुका यांनी 1972 ते 1983 या काळात गौतम बुद्धाचे जीवन चित्रकथेतून मांडले. ते कोणत्या देशाचे, हा प्रश्न दुय्यम आहे. त्यांना बुद्ध कितपत उमगला, हा खरा समीक्षेचा प्रश्न.

या उत्साहात बाजाराचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. 2011 साली दिल्ली हाटमध्ये पहिले ‘कॉमिक कॉन’ भरले. अशा मेळ्यांत पुस्तकांइतकेच मुखवटे, बाहुल्या आणि सदरेही विकले जातात. नायकाचा सदरा घालणे म्हणजे कथा समजणे नव्हे. परंतु सकस आणि टाकाऊ यांतला भेद बाजार कधीच सांगणार नाही. तो सांगणे हे आमचे काम होते. ते आम्ही टाळले आणि त्या तरुणांना रसिकाऐवजी केवळ ग्राहक होऊ दिले.

माझा स्वतःचा हिशेबही मांडतो. 1964 साली सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधला वेताळ मी पाठ्यपुस्तकात लपवून वाचला. वाचनाची गोडी मला तेथे लागली, पुढे डॉक्टरेट मिळाली, आणि त्या वेताळाविषयी मी आजवर एक ओळ लिहिली नाही. तरुण मराठी वाचत नाहीत, अशी तक्रार आम्ही प्रत्येक संमेलनात करतो. ते जे वाचतात ते आम्ही वाचलेले नाही, याची कबुली आधी देऊ. तक्रारीचा अधिकार त्यानंतरचा.