कैदी सुटून आला, आता वस्तीने काय करायचे?

खुनाची शिक्षा भोगून माणूस घरी आला की वस्तीत दोन गोष्टी दिसतात. काही जण दार लावून घेतात, तर काही जण हार घालून त्याला मिरवतात. दोन्ही वागणी घातक आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा पुन्हा कुणाचा जीव घेईल का, ही भीती खोटी नाही. पण धोका फक्त सुटकेत आहे का? आपल्या सातारा-सांगलीकडेच पाहू या.

वाईचे संतोष पोळ प्रकरण ऑगस्ट २०१६ मध्ये उघडकीस आले. २००३ ते २०१६ या काळात सहा खून झाले, असा पोलिसांचा आरोप आहे. सहापैकी पाच बाया होत्या. शेवटची अंगणवाडी चळवळीतली कार्यकर्ती. आरोपीला लोक 'डॉक्टर' म्हणत आणि इंजेक्शन हेच हत्यार होते, असा आरोप आहे. नर्सिंग केलेल्या आम्हा बायांना हे फार टोचते. इथे कुणी खुनाची शिक्षा भोगून सुटलेला नव्हता. पहिला खून उघडच झाला नाही, म्हणून पुढचे झाले. बाई नाहीशी झाली की 'गेली असेल कुठेतरी' म्हणणारा समाज अशा माणसाला मोकळे रान देतो.

आता सांगली जिल्ह्यात या. आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर वसाहत सुरू केली. त्यामागे पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन होते. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. ही काही नुसती दया नव्हती. हाताला काम होते, घर होते आणि देखरेखही होती. अंगुलिमालही बदलला तो संघात, सर्वांच्या नजरेसमोर राहून.

म्हणून आमचे म्हणणे असे. सुटून आलेल्याला काम मिळू द्या, पण नजर ठेवा. दारू सुरू झाली, झोप उडाली, घरात मारहाण सुरू झाली, तर 'त्यांच्या घरचा मामला' म्हणू नका. मनाच्या आजारासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तुरुंगात गोळ्या सुरू असतील तर त्या बंद पडू देऊ नका, सरकारी दवाखान्यात दाखवा.

आणि ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराला विसरू नका. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, हा गैरसमज आहे. जन्मठेप आयुष्यभराची असते. खुनाच्या बहुतेक जन्मठेपेत चौदा वर्षांआधी सरकार शिक्षा माफ करू शकत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. गुन्हा अॅट्रॉसिटी कायद्याखालचा असेल तर कलम १५-अ वाचून घ्या. हे कलम २०१६ पासून लागू आहे. आरोपीच्या जामिनाची, पॅरोलची, सुटकेची सुनावणी असेल तर पीडित घराला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. जामिनाच्या सुनावणीची नोटीस वेळेत मिळालीच पाहिजे. साक्षीदाराला धमकी आली तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्ह्यातच अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा. आपण बौद्ध झालो म्हणून हा हक्क जात नाही.

घरातले कुणी बेपत्ता झाले तर वाट पाहू नका. त्याच दिवशी तक्रार द्या आणि नोंदीचा क्रमांक मागून घ्या. घातपाताचा संशय असेल आणि ठाण्यात दाद लागली नाही, तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवा.

पुढच्या पौर्णिमेला विहारात हे मोठ्याने वाचा. तक्रार द्यायला बाई एकटी जाणार नाही, सोबत कोण जाणार, त्या चार बायांची नावे तिथेच ठरवा.