खुली नोंद, विकाऊ यादी

नवी कंपनी नोंदवली की नातेवाइकांच्या शुभेच्छांआधी अनोळखी फोन येतात: चालू खाते उघडा, जीएसटीचे काम द्या, बिनतारण कर्ज घ्या. फ्लॅटचे खरेदीखत झाले की मॉड्युलर किचनवाले हजर. यांना कळवते कोण? यात गूढ फारसे नाही. कंपनी कायद्याच्या ३९९व्या कलमानुसार निबंधकाकडील कागदपत्रे शुल्क भरून कोणालाही पाहता येतात. दस्तनोंदणीच्या इंडेक्स टूमध्ये खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि व्यवहाराची रक्कम असते. हे सारे वेचून ‘लीड’ म्हणून मासिक वर्गणीवर विकणे हा आता रीतसर धंदा आहे.

अशा सेवांच्या अटी सहसा एकाच साच्यातल्या असतात. माहिती जशी आहे तशी घ्या, चूक निघाली तर आम्ही जबाबदार नाही, पैसे परत मिळणार नाहीत, कायदा पाळणे ग्राहकाचे काम. आणि वर, ही यादी पुढे कोणाला विकायची नाही! सरकारी दप्तरातून उचललेल्या नोंदींवर अशी मालकी सांगायला धारिष्ट्य लागते. या करारात विकणारा आहे, घेणारा आहे; ज्याचे नाव विकले जाते तो कुठेच नाही.

कायद्यातही तो नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मधील तिसऱ्या कलमाने, कायदेशीर बंधनामुळे सार्वजनिक झालेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. म्हणजे सरकारने सक्तीने घेतलेला पत्ता सार्वजनिक झाला की त्याचे संरक्षण संपले. याच कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८(१)(जे) बदलले आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढ्या कारणावर अर्ज फेटाळण्याची सोय केली. व्यापक जनहिताचे कलम ८(२) उरले आहे, पण ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये तत्काळ लागू झाला. नागरिकाला संरक्षण देणाऱ्या मुख्य कलमांना मात्र अठरा महिन्यांची मुदत. घाई कशाची होती, ते यातून दिसते.

म्हणून नोंदीच झाका, असे कोणी म्हणेल तर तो उपाय रोगाहून वाईट. एकाच संचालकाच्या दहा कंपन्या पत्रकाराला सापडतात, बिल्डरवरचे खटले महारेराच्या संकेतस्थळावर ग्राहकाला दिसतात, ते दप्तर खुले आहे म्हणूनच. छोट्या छापखानेवाल्यालाही गिऱ्हाईक शोधायचे असते. त्याला गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही.

प्रश्न हेतूचा आहे, आणि तो कायद्यात लिहिता येतो. कॅलिफोर्नियात अटक झालेल्यांचे पत्ते वकिलांना, विमावाल्यांना विकले जात. १९९६ मध्ये तिथे अट आली: पत्ता हवा तर काहीही विकण्यासाठी वापरणार नाही, असे शपथेवर लिहून द्या. पत्रकारिता, संशोधन यांना मुभा राहिली. विक्रेत्या कंपनीने आव्हान दिले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये तो कायदा सरसकट रद्द करण्यास नकार दिला.

आपल्याकडेही तिसऱ्या कलमातली सूट पाहणे, पडताळणे आणि बातमी देणे यांपुरती ठेवावी. यादी विकणाऱ्याने नाव कुठून घेतले ते विचारताच सांगावे, सांगितल्यावर वगळावे. न वगळल्यास दंड फोन करणाऱ्या टेलिकॉलरला नव्हे, यादीवाल्याला व्हावा. मुख्य कलमे लागू होण्याआधी एवढी दुरुस्ती संसदेत आणणे केंद्राला अवघड नाही.