नवा जन्म की नवा अंगरखा?

अमुक गृहस्थ ख्रिस्ती झाला, असे कानी येताच आमच्या शहरांतील शहाणीसुरती मंडळी प्रथम काय विचारतात? नाव बदलले काय? पोशाख कोणता धरला? जेवतो कोणाकडे? विरोधकांनी हे विचारावे यात नवल नाही. पण धर्मांतरितांच्या याद्या ठेवणारे पुष्कळसे उपदेशकही आजवर हेच मोजीत आले आहेत. ज्या ग्रंथाच्या आधाराने हा सारा खटाटोप चालतो, त्यात मात्र प्रश्न निराळाच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम नावाचा परूशी रात्रीच्या वेळी येशूकडे येतो. परूशी म्हटला म्हणजे उपास, दशांश आणि शुद्धाशुद्ध यांत चोख. अशा मनुष्यास येशू सांगतो की, तुझा पुन्हा जन्म झाला पाहिजे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुन्हा’ असाही होतो आणि ‘वरून’ असाही होतो. निकदेमाने पहिलाच धरला, आणि म्हातारा मनुष्य आईच्या उदरात शिरणार कसा, या कोड्यात तो पडला.

‘पुनर्जन्म’ म्हणताच आमच्या वाचकांस मरणोत्तर फेरा आठवेल. तो अर्थ येथे नाही. त्यापेक्षा ‘द्विज’ हा शब्द अधिक जवळचा. मुंजीने लाभणारा तो दुसरा जन्म मुहूर्त साधून, जानव्यासह, वाजतगाजत येतो. पण किती बटूंची वागणूक त्या दिवसापासून पालटली, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. बाप्तिस्म्याच्या पाण्याचीही तीच गत होऊ शकते, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

गोमंतकाचा इतिहास घ्या. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन स्थापन झाले, आणि मधली थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. या न्यायासनाने १७३६ मध्ये एक लांबलचक फर्मान काढले. ख्रिस्ती पुरुषांनी पुडवे नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये, अंगणात तुळस लावू नये, इतकेच नव्हे तर हिंदूंप्रमाणे भात अळणी शिजवू नये! धर्माधिकाऱ्यांची नजर अशी थेट चुलीवरच्या मडक्यापर्यंत पोहोचली. त्याच घरांतील बामण, चारडो, सुदीर हे भेद मात्र एवढ्या बंदोबस्तातून सुखरूप निसटले. सोयरीक जुळविताना ते आजही कित्येक कुटुंबांस आठवतात. भातात मीठ पडले, पंगत होती तशीच राहिली. सत्तेच्या जोरावर माणसाचे जे बदलता येते तेच बदलावयाचे, आणि त्यास धर्म म्हणावयाचे, हा प्रकार केवळ पोर्तुगीजांनीच केला असे मात्र कोणी समजू नये.

दुसरे उदाहरण आमच्या मराठी मुलखातील, आणि ते अगदी उलट जातीचे आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, तेव्हा इकडे केवढे काहूर माजले हे सर्वश्रुत आहे. बाईंनी साडी सोडली नाही, मांसाहार धरला नाही, आणि वाँटेज येथील ज्या भगिनी त्यांस गुरुस्थानी होत्या त्यांच्याशीही पत्रोपत्री निर्भीडपणे वाद घातला. पुढे १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले. धर्म बदलला, विद्या झाली, अनाथ विधवांची सेवा सुरू झाली. बाहेरून पाहणाराने आणखी काय मागावे? तथापि १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मनिवेदनात बाई सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे त्या धर्माची मते आपणांस पटली होती, पण ज्याच्या नावाने तो धर्म चालतो त्याची भेट झाली नव्हती. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाद्र्याचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे लोकांस उपदेश करीत होता, आणि १८५१ मध्ये एके दिवशी स्वतःच्याच प्रवचनाने त्याचे हृदय पालटले! ते वाचून रमाबाई स्वतःची तपासणी करू लागल्या. आणि बाप्तिस्म्याला आठ वर्षे होऊन गेल्यावर, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनाची ती तळमळ शमली. त्यांचा धर्म आम्हां सर्वांस मान्य असावा असे नाही. पण आपल्या सत्कृत्यांवर बोट ठेवून गप्प बसण्याची सोय हाताशी असताना बाईंनी ती घेतली नाही, याचे मोल आम्हांस फार वाटते.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘मग अंतःकरण शुद्ध असले म्हणजे झाले, बाहेरचे कशाला पाहावयाचे?’ ही पळवाट आम्हांस पोशाखाच्या आग्रहाहूनही घातक वाटते, आणि आमच्या व्यापारी वाचकांनी तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी १७४८ मध्ये समुद्रातील वादळात सापडला, तेव्हा त्याने देवाचा धावा केला. तो दिवस तो जन्मभर पाळीत असे. परंतु त्यानंतरच, १७५० ते १७५४ या काळात, तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला! वरच्या मजल्यावर खलाशांसह प्रार्थना, आणि खाली साखळदंडांत आफ्रिकेतील माणसे. १७५४ मध्ये समुद्र सुटला तो प्रकृतीमुळे, पश्चात्तापामुळे नव्हे. पुढे तो पाद्री झाला, त्याची भजने जगभर गाइली गेली. आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघडपणे पत्रक लिहिले ते १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. वादळाच्या वेळी आपण पुरते श्रद्धावान झालो नव्हतो, हे त्यानेच नंतर लिहून ठेवले आहे. प्रामाणिक माणूस खरा. पण ती चाळीस वर्षे ज्यांनी भोगली त्यांस या प्रामाणिकपणाचा काय उपयोग?

तेव्हा बाहेरचा बदल पाहूच नये असे आमचे म्हणणे नाही. कोणता पाहावा, एवढाच वाद आहे. लूकच्या शुभवर्तमानात यरीहो गावच्या जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट आहे. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा जक्कयाने उभे राहून अर्धी मालमत्ता गोरगरिबांस देऊ केली, आणि ज्यांस फसविले असेल त्यांस चौपट परत करण्याचे वचन दिले. त्याने अंगरखा बदलल्याचे लूक सांगत नाही. जकातीच्या वसुलीवर ज्याचे घर उभे होते, त्याने वहीतच हात घातला, आणि तेही कोणी फर्मान न काढता.

जी गोष्ट वहीची तीच पंगतीची. कवी नारायण वामन टिळक १८९५ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्या मागोमाग गेल्या नाहीत. काही वर्षे त्या दूर राहिल्या, आणि एकत्र आल्यावरही सोवळे कसोशीने सांभाळीत. पुढे एकदा विचार करता करता जातिभेद ही माणसाची करणी आहे असे त्यांच्या मनाने घेतले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. चर्चच्या नोंदवहीत सापडावयाचा तो हाच. आधीचे सारे मात्र बाईंनी स्वतः ‘स्मृतिचित्रे’त लिहिले म्हणूनच आपणांस कळले.