हरित सेनेचा शिधा

पर्यावरणाचे शिक्षण शाळेत द्यावे की न द्यावे, हा वाद आपल्या देशात केव्हाच मिटला आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या व वन्य प्राणी यांचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचा आदेश दिला; त्याची अंमलबजावणी रेंगाळलेली पाहून २००३ साली त्याच न्यायालयाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेला नमुना अभ्यासक्रम तयार करावयास लावले. महाराष्ट्रात तिसरीतल्या मुलाच्या हाती ‘परिसर अभ्यास’ पडतो, नववी-दहावीस ‘जलसुरक्षा’ आहे, अकरावी-बारावीस ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे. पुस्तके आहेत, तास आहेत, गुणही आहेत. नाही तो फक्त परिसर!

चार भिंतींच्या आत बसून नदी शिकता येत नाही. तिच्या काठी जावे लागते, पाण्याचा नमुना घ्यावा लागतो, पावसाची नोंद ठेवावी लागते, कचरा तोलावा लागतो. यास पैसा लागतो, आणि तो फारसा लागत नाही, हीच या प्रश्नातील खेदाची बाब आहे. पर्जन्यमापक, तराजू, चार हातभिंगे, पाणी तपासण्याची साधी साधने आणि वर्षातून दोनदा बसभाडे, एवढ्यावर एखादा उत्साही शिक्षक वर्षभर काम करू शकेल.

सरकारने यासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्रीय पर्यावरण खात्याची पर्यावरण शिक्षण व जनजागृतीची योजना १९८३-८४ पासूनची आहे. २००१-०२ मध्ये ‘राष्ट्रीय हरित सेना’ उभी राहिली व शाळाशाळांतून तिची मंडळे निघाली. या मंडळास प्रारंभी वर्षाला १,००० रुपये मिळत. पुढे ते २,५०० व नंतर ५,००० झाले. २०१८ च्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत युवा व पर्यावरण मंडळांसाठी प्राथमिक शाळेस ५,०००, उच्च प्राथमिकला १५,००० व माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत तरतूद ठरली. आता हिशेब पाहावा. हजार मुलांच्या माध्यमिक शाळेस पूर्ण २५,००० रुपये मिळाले, तरी दर मुलामागे वर्षाला २५ रुपये पडतात. प्राथमिक शाळेचे ५,००० दहा महिन्यांत वाटले, तर महिन्याला ५०० रुपये होतात. सेना मोठी आणि शिधा चिमूटभर, असा हा प्रकार आहे.

तोही वेळेवर पोचता तर आम्ही तक्रार केली नसती. पर्यावरणाचे वर्ष मृगाच्या पावसाने सुरू होते, सरकारचे एप्रिलमध्ये आणि शाळेचे जूनच्या मध्यावर. जागतिक पर्यावरणदिन ५ जूनला येतो, तेव्हा मुंबईतल्या बहुतेक शाळांना कुलूप असते! मंजुरी, हप्ता व मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र या तीन पायऱ्या चढून रक्कम जेव्हा शाळेच्या खात्यात जमा होते, तेव्हा बहुधा पाऊस संपलेला असतो व मार्चअखेर जवळ आलेली असते. मग मुख्याध्यापक काय करणार? फलक रंगवून घेणार, प्रभातफेरी काढणार, छायाचित्रे जोडून पावत्या पाठविणार. पैसा नियमाप्रमाणे खर्च होतो आणि शिक्षण होत नाही. यात अप्रामाणिकपणा कोणाचाच नसतो. दोष पद्धतीचा आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ‘समग्र शिक्षे’तील हा पैसा मुख्यतः सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार मात्र खासगी अनुदानित शाळा वाहतात. त्यांनी इतर योजनांसाठी अर्ज करावेत, असे सांगितले जाते. पण अर्ज मागविण्याची पद्धत ज्यांना अर्ज लिहिता येतात त्यांच्याच सोयीची असते. ज्या शाळेत कारकून आहे, संगणक आहे, इंग्रजी प्रस्ताव लिहिणारा पालक आहे, तिला पैसा मिळतो. दोन शिक्षकांच्या शाळेला परिपत्रक येऊन गेल्याचेही कळत नाही. म्हणून मूळ रक्कम प्रत्येक शाळेस अर्जाविना मिळावी आणि त्यावरच्या वाढीव रकमेसाठीच अर्ज मागवावेत, असे आमचे मत आहे.

शाळांनाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. ‘वृक्षारोपण, घोषवाक्य स्पर्धा, निबंध स्पर्धा’ एवढाच मजकूर असलेला अर्ज हा अर्ज नव्हे. चांगल्या अर्जात एक जागा असावी आणि एक प्रश्न असावा. मुंबईपुरते बोलावयाचे तर २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी ही नदी आहे हे अनेक सुशिक्षित मुंबईकरांना प्रथमच उमगले. विहार व पवई तलावांतून निघून माहीमच्या खाडीस मिळणारी ही नदी आपल्या शाळेपासून किती अंतरावर आहे, तिच्यात कोणते नाले मिळतात, शाळेच्या अंगणातले पाणी कोठे जाते, हे मुलांनी स्वतः चालून नकाशावर मांडले, तर ते खरे पर्यावरणशिक्षण होय. शिक्षणहक्क कायद्याच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करावयाचा असतो व तोच अनुदानाचा आधार मानावयाचा असतो. पालकांनी त्या समितीत बसून हा विषय आराखड्यात घालावा. घरी बसून हळहळण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे आहे.

यावर कोणी म्हणेल की, सरकारकडे हात कशाला पसरावयाचे? २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास द्यावे लागतात. तेथून पैसा घ्यावा. जरूर घ्यावा. पण नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्यानेच शाळेचे फलक रंगवून दिले, तर त्या नाल्याविषयी कोणता मास्तर बोलेल? हीच शंका सरकारी पैशाबाबतही आहे. ‘प्लॅस्टिक उचला’ असे मुलांना शिकविणे कोणासच जड जात नाही. ‘हे येथे कोणी टाकले आणि ते उचलण्याची जबाबदारी कोणाची’ हे विचारावयास शिकविणे जड जाते. तरीही सरकारी अनुदान हा करदात्यांचा पैसा आहे. त्याचा जाब विधिमंडळात विचारता येतो, हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो. म्हणूनच तो हक्काने मागावा आणि मिंधेपणा न पत्करता वापरावा.

आमच्या मागण्या साध्या आहेत. रक्कम शाळा उघडताना खात्यात असावी. अर्ज मराठीत व एका पानाचा असावा. सरकारी व अनुदानित असा भेद नसावा. उपयोगिता प्रमाणपत्रास पावत्यांबरोबर मुलांच्या नोंदींची वहीही जोडावी आणि कोणत्या शाळेस किती मिळाले, याची यादी दरवर्षी जिल्हावार प्रसिद्ध व्हावी. यांपैकी एकाही गोष्टीस नवा कायदा लागत नाही.

न्यायालयाने आदेश देऊन तीन दशके उलटून गेली. तेव्हा शाळेत असलेली मुले आज पालक झाली आहेत आणि आपल्या मुलांना तेच धडे पाठ करताना पाहत आहेत. आणखी एक पिढी प्रश्नोत्तरांवर वाढवावयाची नसेल, तर शिक्षण खात्याने यंदाच्या पावसापूर्वी जागे व्हावे. पाऊस मंजुरीसाठी थांबत नाही.