थ्री-पिनचा कैवार

'बाइंडिंग' हा शब्द कानावर पडला की मराठी माणूस 'कापडी की रेक्झिनचं?' एवढेच विचारतो. नॉर्वेत मात्र बाइंडिंग म्हणजे बर्फावर घसरायच्या लांब पट्टीला, म्हणजे स्कीला, बूट अडकवणारी वीतभर वस्तू. तिच्याबद्दल मला भांडायचे आहे. 'ज्याने बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला, त्याने या भांडणात पडू नये,' असे कोणी म्हणेल. पण ऑस्लोला भाच्याकडे मी हिवाळ्यातले तीन आठवडे काढले आहेत, आणि भाचा त्या वेळी आयुष्यातली पहिली स्की घेत होता. घरात मुलगी बघायची असती तरी याहून कमी चर्चा झाली असती.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. सिनेमात नायक पाळण्यात बसून डोंगरावर जातो आणि वाऱ्यासारखा खाली येतो, ती स्की वेगळी. तिथे बूट टाचेसकट जखडलेला असतो. मी म्हणतो ती रानावनातली स्की. तिच्यावर आपल्याच पायांनी चढायचे, आपल्याच पायांनी उतरायचे, आणि वाट कोणी आखून ठेवलेली नसते. इथे बूट फक्त पुढे, बोटांपाशी अडकतो, टाच मोकळी. आपल्या खडावांचे तत्त्व हेच. अंगठ्यापाशी खुंटी आणि टाच मोकळी! आपले ऋषिमुनी हिमालयात काय करत होते याचा मला आता वेगळाच संशय येऊ लागला आहे.

असो. माझे पहिले म्हणणे असे की, लोक ही खरेदी उलट्या टोकाने करतात. आधी स्की घेतात, कारण ती भिंतीला टेकवून ठेवली की पाहुण्यांना दिसते. मग तिला शोभेल असे बाइंडिंग, आणि उरलेल्या पैशांत बूट. अहो, त्या सगळ्या लटांबरात अंगाला चिकटलेली वस्तू बूट ही एकच! बूट चावू लागला तर स्की कितीही देखणी असो, तिसऱ्या मैलावर तिच्या मालकाला ती फोडून शेकोटी करावीशी वाटते.

म्हणून बूट आधी. तो संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे जाड मोजे घालून जायचे तेच घालून बघावा. बोटे आत हलली पाहिजेत. आवळलेल्या पायात रक्त नीट खेळत नाही आणि थंडी तेवढ्यावरच टपलेली असते. टाच मात्र आत उचलली जाता कामा नये, नाहीतर फोड ठरलेले. मग बूट हातात घेऊन ओल्या धोतरासारखा पिळून बघावा. चवड्यापाशी तो वाकला पाहिजे, पण पिळला जाता कामा नये. उतारावर स्की वळवायची असते ती बुटानेच. मऊ बूट पायाबरोबर वळतो आणि स्की मात्र सरकारी धोरणासारखी सरळ पुढे जात राहते. स्की रुंद आणि पोलादी कडांची असेल तर बूट तितकाच दणकट हवा. उलट, सपाट रानात हिंडणाऱ्याने डोंगरउतारावरचे जड प्लास्टिकचे बूट चढवणे म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणे.

आता बाइंडिंग. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा जामीनदार. कर्ज देताना सगळे कर्जदाराकडे बघतात आणि हप्ते थकले की जामीनदार आठवतो.

यात मुख्य घराणी दोन. जुने घराणे थ्री-पिनचे. थ्री-पिन म्हटल्यावर मला आधी इस्त्रीच आठवली, पण इथे बुटाचा तळवा पुढे बदकाच्या चोचीसारखा आलेला असतो, त्याला खालून तीन भोके असतात, बाइंडिंगच्या तीन खिळ्या त्यांत बसतात आणि वरून एक दांडा दाबून लावायचा. ब्रोर वित नावाच्या नॉर्वेजियन गृहस्थाने १९२७ साली हे बाइंडिंग काढले. नाव 'रॉटेफेला', म्हणजे उंदराचा सापळा. इतके प्रामाणिक नाव आजवर कोणत्याही मालाला मिळालेले नाही. पुढे त्याची रुंदी ७५ मिलिमीटर ठरली आणि त्या मापामुळे एकाचा बूट दुसऱ्याच्या बाइंडिंगला चालू लागला.

दुसरे घराणे दांडीवाले. बुटाच्या टोकाखाली आडवी धातूची दांडी आणि तिला पकडणारा आकडा. यांत रानातल्या प्रकाराची दांडी जाड आणि रुंद, आखीव वाटेवरच्या प्रकाराची बारीक. दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचा बूट दुसऱ्यात बसत नाही. दांडीवाल्यांतही हाताने लावायचे एक आणि नुसता पाय ठेवला की 'खट्' करून लागणारे दुसरे.

भाचा या 'खट्'वर भाळला होता.

"मामा, वाकायलाच नको!"

"अरे, पण त्या आकड्यात बर्फ गोठला तर?"

"काढायचा."

"म्हणजे वाकायचंच ना?"

यावर त्याने विषय बदलला.

भाच्याची बाजूही मांडतो. दांडीवाल्यावर पाऊल जास्त सहज पडते. थ्री-पिनच्या भोकांतही बर्फ भरतो, वर्षानुवर्षांनी ती भोके झिजतात, डावे-उजवे बघून लावावे लागते, आणि ती चोच घेऊन जिना उतरणारा माणूस बदकासारखाच दिसतो. सारे कबूल. दिवसभर हिंडून संध्याकाळी घरी येणाऱ्याने हाताने लावायचे दांडीवाले खुशाल घ्यावे. पण रस्त्यापासून पंधरा किलोमीटर आत ती दांडी तळव्यातून उपटून आली, तर तिथे बांधायला काही उरतच नाही. थ्री-पिनला टाचेमागून घ्यायची तार जोडता येते. चोच फाटली तरी बूट तारेवर तगून राहतो आणि माणूस घरी पोचतो.

हे भांडण शौकाचे नाही. ॲमंडसेनची माणसे अंटार्क्टिकात हिवाळाभर बूट उसवून पुन्हा शिवत बसली होती. सप्टेंबर १९११ मध्ये ती घाईने निघाली आणि उणे ५० च्या खालच्या थंडीत काहींच्या टाचा गोठल्यावर मुकाट्याने परतली. पुढे वाटेत बाइंडिंगचे पट्टे रोज रात्री काढून ठेवावे लागत, कारण कुत्र्यांना ते चामडे पक्वान्नासारखे प्रिय होते! डिसेंबरात ती ध्रुवावर पोचली आणि परतही आली. स्कॉटने ३१ डिसेंबर १९११ रोजी एका तुकडीला आपल्या स्की वाटेतच ठेवायला लावल्या आणि जानेवारी उजाडताच त्याच तुकडीतल्या बॉवर्सला स्वतःबरोबर ध्रुवाकडे घेतले. माणसे पाच, जोड्या चार. बॉवर्स बर्फ तुडवत पायी ध्रुवावर गेला. त्या पाचांपैकी कोणीच परतले नाही. त्याची कारणे पुष्कळ होती, ती सगळी स्कीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण बर्फात स्कीवाचून उरणे म्हणजे काय, हे बॉवर्सच्या पायांना कळले असेल.

तेव्हा दुकानात गेलात तर विक्रेत्याला 'हे किती हलके?' असे विचारू नका. 'हे मोडले तर मी कशाने बांधू?' असे विचारा. तो तार, पट्टी, स्क्रू, काहीही सांगू लागला तर खुशाल घ्या. 'साहेब, हे मोडतच नाही' असे म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा. 'साहेब, हप्ता चुकणारच नाही' असे म्हणणारी माणसे मी वीस वर्षे काउंटरवर पाहतो आहे.