विश्लेषण : उपनगरातल्या रोजच्या फेऱ्यांसाठी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही परवडेल?

बोरिवलीहून अंधेरीचे ऑफिस, घाटकोपरहून पवई, नाही तर मुलुंडमधल्या मुलुंडमध्येच शाळा, क्लास आणि बाजार. अशा कुटुंबाची गाडी दिवसाला २० ते ३० किलोमीटरपेक्षा जास्त धावत नाही. गणपतीला मात्र पाच माणसे आणि सामान घेऊन तीच गाडी कोकणात न्यायची असते. रोज विजेवर आणि गावी जाताना पेट्रोलवर चालणारी प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही या दोन्ही गरजांना चपखल वाटते. कागदावर ती तशी आहेही. पण तिचा सगळा फायदा सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग आहे की नाही, यावर ठरतो.

साध्या हायब्रिडपेक्षा वेगळे काय?

‘हायब्रिड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गाड्यांसाठी वापरला जातो आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. २०२२ मध्ये आलेल्या मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्यांत जेमतेम ०.७६ युनिट वीज मावेल एवढी बॅटरी असते. इंजिन आणि ब्रेक लावताना मिळणारी ऊर्जा तिला भरते. बाहेरून चार्ज करण्याची सोयच नाही. प्लग-इनची बॅटरी याच्या दहा-वीस पट मोठी असते. ती रात्री घरी चार्ज करायची आणि पुढचे ३० ते ६० किलोमीटर इंजिनाला हात लावायचा नाही, ही त्यामागची कल्पना.

जपानमध्ये मित्सुबिशीने २०१३ मध्ये अशी आउटलँडर आणली. भारतात मात्र हे तंत्र श्रीमंतांच्या दारातून आले. २०१६ मध्ये व्होल्वोची एक्ससी ९० टी ८ सव्वा कोटीला, तर २०२२ च्या अखेरीस बीएमडब्ल्यू एक्सएम २ कोटी ६० लाखांना. मध्यमवर्गीय ग्राहकासाठी स्ट्राँग हायब्रिड किंवा थेट इलेक्ट्रिक असे दोनच पर्याय मांडले गेले. उद्या मध्यम किमतीची प्लग-इन आली, तर ती घ्यावी का, हा खरा प्रश्न आहे.

हिशेब काय सांगतो?

रोजचे २५ किलोमीटर धरू. मोठ्या गाडीला त्यासाठी साधारण सहा युनिट वीज लागेल. युनिटला १० रुपये धरले तर खर्च ६० रुपये. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरच्या कोंडीत पेट्रोल एसयूव्ही लिटरला १० किलोमीटर देत असेल, तर १०४ रुपये दराने तेवढ्याच अंतराला २६० रुपये जातील. महिन्याचे २५ दिवस मोजले तर बचत ५ हजार रुपये, म्हणजे वर्षाला ६० हजार. ऐकायला छान आहे.

पण तुलना जुन्या पेट्रोल गाडीशी करून चालणार नाही. लिटरला १८ किलोमीटर देणारी स्ट्राँग हायब्रिड हेच अंतर १४५ रुपयांत कापते. मग प्लग-इनची बचत वर्षाला २५ हजारांवर येते. तिची किंमत तीन लाखांनी जरी जास्त असली, तरी ते वसूल व्हायला बारा वर्षे लागतील. आणि हा हिशेब गाडी रोज रात्री न चुकता चार्ज होते, असे गृहीत धरून आहे.

चार्ज केलीच नाही तर?

युरोपचा अनुभव बोलका आहे. गाड्यांमधल्याच इंधनमापकांची नोंद तपासून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये सांगितले, की प्लग-इन हायब्रिडचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सरासरी साडेतीन पट आहे. कारण साधे आहे. लोक गृहीत धरले होते तितकी गाडी चार्ज करत नाहीत. बॅटरी रिकामी असली की उरते ती जादा वजन वाहणारी पेट्रोल गाडी.

तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे काय होईल? जुन्या इमारतींच्या आवारात पार्किंग आळीपाळीने मिळते. नव्या टॉवरमध्ये एकावर एक गाड्या चढवणारे यांत्रिक पार्किंग असते. तिथे केबल न्यायची कशी? मीटर खोली एका टोकाला आणि गाडी दुसऱ्या टोकाला. रात्री रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने तर हा विचारच सोडलेला बरा. घरी खासगी चार्जिंगला परवानगी असल्याचे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत २०१८ पासून नमूद आहे. पण सर्वसाधारण सभेत ‘एकाला दिले तर सगळ्यांना द्यावे लागेल’ हे वाक्य त्या सूचनांपेक्षा भारी पडते.

उलट टोकाचीही एक अडचण आहे. रोज विजेवरच फिरलात तर टाकीतले पेट्रोल महिनोन्महिने पडून राहते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते. अधूनमधून इंजिन चालवणे आणि टाकीत थोडेच पेट्रोल ठेवणे, ही शिस्त पाळावी लागते. सर्व्हिसिंग, इंजिन ऑइल, पीयूसी यांतूनही सुटका नाहीच.

करसवलत कोणाला?

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या दरांत चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर तो ४० टक्के. प्लग असला तरी कर पेट्रोल गाडीचाच. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला. महाराष्ट्राने मात्र २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक मोटारींवर भर दिला आणि अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर त्यांना टोलमाफी दिली.

रोज चार्ज झाली नाही, तर प्लग-इनचा लाभच उरत नाही. स्वतःच्या जागेत प्लग मिळाला, तर रोजच्या २५ किलोमीटरला लहान इलेक्ट्रिक गाडी पुरते आणि ती स्वस्तही पडते. वर्षातून दोनदा गावी जायला भाड्याची गाडी घेता येते. प्लग मिळत नसेल, तर स्ट्राँग हायब्रिड निमूटपणे काम करते. (घाटकोपर ते अंधेरीसाठी २०१४ पासून मेट्रो आहे, हेही विसरू नये.) प्लग-इन शोभते ती ज्याचे हक्काचे पार्किंग आहे, घरात एकच गाडी आहे आणि दर महिन्याला लांबचा प्रवास आहे, अशा कुटुंबाला. तुम्ही त्यांपैकी असाल, तर बुकिंगची रक्कम भरण्याआधी सोसायटीकडून चार्जिंगची परवानगी लेखी घ्या, आणि आपल्या जागेपर्यंत केबल ओढायला किती खर्च येईल, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.